वरून पाणी

ट्विन लेक्सला मी पहिल्यांदा गेले ती आमच्या मराठी मंडळाच्या सहलीला. अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडहून नैर्ऋत्येला तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना पाइनची दाट झाडी, मध्येच एखादं पांढरं चर्च, एखादा ओस पडलेला पेट्रोल पंप. मिसळीचा कट घरून मोठ्या पातेल्यातून नेला होता. पोटं भरल्यावर पुरुष क्रिकेटला पळाले, आम्ही सतरंज्यांवर आडव्या झालो, आणि माझ्या मुलीनं, सईनं, पार्कच्या नकाशावर बोट ठेवून विचारलं, "इथं दोन तळी का आहेत?"

"असतात गं," मी म्हटलं. "निसर्ग."

निसर्गाचा काडीइतका संबंध नव्हता. दोन्ही तळी बांध घालून केलेली. आणि बरीच वर्षं त्यांतलं एक गोऱ्यांचं होतं, दुसरं काळ्यांचं. (‘कृष्णवर्णीय’ हा शब्द मला माहीत आहे, पण तो लिहिला की सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. ते स्वतःला जे म्हणवतात तेच मी इथं म्हणणार आहे.) १९४८ साली डॅनव्हिलच्या मॅसिओ मार्टिन नावाच्या काळ्या गृहस्थांना व्हर्जिनियातल्या एका सरकारी पार्कात शिरू दिलं नाही. ते कोर्टात गेले. त्यावर राज्यानं तोडगा काय काढला, तर त्या पार्काचं फाटक काळ्यांना बंदच ठेवून १९५० मध्ये इथं, प्रिन्स एडवर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा), काळ्यांसाठी निराळा पार्क थाटून दिला. शेजारी गोऱ्यांचं तळं होतंच. पाऊस दोन्हींवर तोच पडायचा. तळ्यांची नावं वेगळी, वाटा वेगळ्या. पुढं भेदभाव कायद्यानं संपला तरी दोन्ही पार्क एक व्हायला १९७६ उजाडलं, आणि ‘ट्विन लेक्स’ हे गोंडस नाव मिळालं १९८६ मध्ये. जुळी म्हणे. जन्मभर वेगवेगळ्या पंगतीला बसवून झाल्यावर बारसं.

हे सगळं मला कळलं ते त्या रात्री, पातेलं घासून झाल्यावर, फोन चाळताना. सहलीचे फोटो तोवर ग्रुपवर टाकून झाले होते.

*

मागच्या मे महिन्यात आई आली. आई म्हणजे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत अडतीस वर्षं घालवलेली बाई. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण अजून कुठंही गेली की आधी मोजते. देवळाच्या पायऱ्या, लग्नातली ताटं, विमानातल्या रांगा. तिला मी त्या तळ्यांची गोष्ट सांगितली तेव्हा ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे चवदार तळं."

मला अशी चटकन केलेली तुलना आवडत नाही. इथल्या आमच्या गप्पांत ती फार चालते. अमेरिकेतलं काही निघालं की कुणीतरी म्हणतं ‘आपल्याकडे पण’, आणि कुणीतरी म्हणतं ‘आपल्याकडे तसं नव्हतं’, आणि दोघंही सुटल्यासारखे चहाकडे वळतात. म्हणून मी तिला मास्तरकी दाखवत म्हटलं, तसं नाही. महाडला तळं एकच होतं. नगरपालिकेनं ते सगळ्यांना खुलं झाल्याचा ठराव केला होता, आणि तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना माणसं घेऊन तिथं जावं लागलं, एक ओंजळ पाणी प्यायला. त्यानंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध-दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल लागलं. इथं कुणी पाणी शुद्ध करत बसलं नाही. दुसरं तळंच देऊन टाकलं.

"त्यांच्याकडे पैसा होता," आई म्हणाली. "आपल्याकडे शेण."

मग मटाराचं टरफल बाजूला टाकून तिनं विचारलं, "आणि आपण असतो तर कुठल्या तळ्यावर?"

हा प्रश्न इथं राहणाऱ्या प्रत्येक भारतीय माणसाच्या मनात कधी ना कधी येतो आणि बहुतेक जण तो मोठ्यानं विचारत नाहीत. उत्तर सरळ नाही. १९५५ मध्ये भारताचे राजदूत गगनविहारी मेहता ह्यूस्टनच्या विमानतळावर जेवायला थांबले, तर त्यांना मुख्य दालनातून उठवून वेगळ्या खोलीत बसायला सांगितलं. मग ते राजदूत आहेत हे कळल्यावर परराष्ट्रमंत्र्यांपर्यंतच्या लोकांनी माफी मागितली. माफी मागितली ती राजदूताला उठवलं म्हणून. वेगळी खोली होती तिथंच राहिली.

"म्हणजे पासपोर्ट बघून तळं ठरलं असतं," आई म्हणाली. "चल, दाखव."

*

तळ्यांशी तिचं फार वेळ मन रमलं नाही. एका तळ्यावर एक आजोबा नातवाला गळ टाकायला शिकवत होते, दुसऱ्यावर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो चालले होते. "आता काय बघायचं इथं," म्हणाली, "आता नुसतं पाणी आहे." म्हणून आम्ही तसंच पुढं फार्मव्हिलला गेलो. काउंटीचं मुख्य गाव. तंबाखूच्या जुन्या विटांच्या वखारी, ज्यांत आता फर्निचर विकतात, एक विद्यापीठ, आणि गावाच्या दक्षिण अंगाला रस्त्याच्या तिकाटण्यात एक बैठी, विटांची इमारत. रॉबर्ट मोटन हायस्कूल. आता तिथं संग्रहालय आहे.

आईनं गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, "खोल्या किती?"

आठ.

"पट?"

१९३९ मध्ये बांधली तेव्हा साधारण १८० मुलांसाठी. १९५१ साली मुलं साडेचारशेच्या वर.

आईनं जीभ टाळ्याला लावून आवाज केला. शाळातपासणीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्याचा असतो तसा. गोऱ्या मुलांच्या हायस्कुलाला व्यायामशाळा होती, जेवणघर होतं, प्रयोगशाळा होती. इथं ह्यातलं काही नाही. गर्दी फार झाली म्हणून काउंटीनं पटांगणात लाकडी खोपटं उभी करून दिली आणि त्यांना बाहेरून डांबरी कागद ठोकला. लोक त्यांना कोंबड्यांची खुराडी म्हणत. आत एक शेगडी. शेगडीजवळच्या पोराला घाम फुटायचा, दाराशी बसलेलं कोट घालून कुडकुडायचं. पावसात छत गळायचं आणि काही मुलं वर्गात छत्री उघडून बसायची.

त्या फोटोपुढं आई बराच वेळ उभी राहिली. तिची पहिली नेमणूक पत्र्याच्या शाळेवर होती. पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन आलेली पोरं, भिंतीला ओल, फळ्यावर खडू न उमटणं, हे सगळं तिनं केलेलं आहे. "गळकी शाळा मला नवीन नाही," ती म्हणाली. "पण आमच्याकडे सगळ्यांचीच गळायची. एकीचं गळतंय आणि पलीकडची कोरडी, असं मुलांना रोज दिसत नव्हतं."

रोज दिसणं. बार्बरा जॉन्सलाही तेच झालं होतं. सोळा वर्षांची मुलगी. एके सकाळी डबा विसरला म्हणून घरी धावत गेली, तोवर तिची बस निघून गेली. रस्त्याकडेला उभी राहिली कुणी नेईल म्हणून. तेवढ्यात गोऱ्या मुलांची बस आली, अर्धी रिकामी, आणि तिच्यासमोरून निघून गेली. बस फार्मव्हिललाच, तिच्या शाळेच्या गावाला, चालली होती. ह्याआधी संगीताच्या बाईंपाशी तिनं शाळेचं गाऱ्हाणं गायलं होतं, तर त्या म्हणाल्या होत्या, मग तू का नाही काही करत? बाईंना वाटलं असेल, बोलून गेलो. मुलीनं ते मनावर घेतलं.

२३ एप्रिल १९५१. हेडमास्तर बॉइड जोन्स यांना फोन आला की तुमची मुलं गावात गोंधळ घालताहेत, ताबडतोब या. ते गेले. वर्गावर्गात चिठ्ठ्या फिरल्या, सगळ्यांनी सभागृहात जमा. पडदा सरकला तर रंगमंचावर हेडमास्तर नाहीत, बार्बरा. तिनं शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं. पायातला बूट काढून बाकावर आपटला. आणि साडेचारशे मुलं संपावर गेली.

ते सभागृह अजून आहे. आम्ही तिथं बसलो. आईला हेडमास्तरांना फसवल्याचं पसंत पडलं नाही, आणि तिला ते भलतंच आवडलंही. दोन्ही तिच्या चेहऱ्यावर एकदमच दिसत होतं. "त्यांची नोकरी गेली असणार," ती म्हणाली. गेलीच. काउंटीनं त्यांचा करार पुढं चालू ठेवला नाही. बार्बराला धमक्या आल्या म्हणून घरच्यांनी तिला काकाकडे अलाबामातल्या मॉन्टगमेरीला धाडलं. काका व्हर्नन जॉन्स तिथल्या ज्या चर्चचा पाद्री होता, त्याच चर्चनं त्याच्यानंतर नेमलेला तरुण पाद्री म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग. बार्बरा पुढं ग्रंथपाल झाली, १९९१ मध्ये गेली. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये व्हर्जिनियाच्या वतीनं जनरल ली यांचा, यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या बाजूनं लढलेल्या सेनापतीचा, पुतळा होता. तो २०२० च्या डिसेंबरात काढला आणि त्या जागी बार्बराचा बसवायचं राज्यानं ठरवलं. लीनं जिथं शरणागती पत्करली ते ॲपोमॅटॉक्स फार्मव्हिलहून मोटारीनं अर्ध्या-पाऊण तासावर आहे. इथला भूगोल कधीकधी अशा खोड्या करतो.

मुलांनी मागितलं होतं काय? चांगली शाळा. बस्स. वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन फार्मव्हिलला आले तेच मुळी समजूत घालून परत पाठवायला. मुलांना बघून त्यांचा बेत बदलला, पण अट घातली: नवी इमारत मागणार असाल तर आम्ही नाही, गोऱ्यांच्या शाळेतच जागा मागणार असाल तर लढू. ११७ विद्यार्थ्यांच्या नावानं दावा लागला. तो पुढं जाऊन शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या ‘ब्राउन’ खटल्यातल्या पाच दाव्यांपैकी एक ठरला, आणि पाचांमध्ये विद्यार्थ्यांनी स्वतः उठून सुरू केलेला हा एकच. काउंटीनं मधल्या काळात घाईघाईनं नवी कोरी मोटन शाळा बांधून टाकली, १९५३ मध्ये. वेगळी असो, पण बघा, समान आहे! मला ते दुसरं तळं आठवलं.

१७ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयानं नऊ विरुद्ध शून्य निकाल दिला की शिक्षणात ‘वेगळं’ हे मुळातच असमान असतं. आणि वर्षभरानं, हे कधीपर्यंत करायचं असं विचारल्यावर त्याच न्यायालयानं तारीख न घालता ‘जाणीवपूर्वक वेगानं’ अशा अर्थाचं एक घडीव वाक्य लिहिलं. आपल्याकडच्या सरकारी पत्रात ‘यथावकाश’ असतं ना, त्याचा गोरा भाऊ.

*

ह्यानंतरचा भाग मी आईला दारातच सांगितला असता तर बरं झालं असतं. तिनं तो भिंतीवर वाचला, चष्मा वर-खाली करत, एकेक इंग्रजी शब्द ओठांत पुटपुटत.

१९५९ च्या मे महिन्यात कोर्टानं सांगितलं, सप्टेंबरपासून शाळा एकत्र करा. जूनमध्ये काउंटीच्या मंडळानं एक गोष्ट केली, किंबहुना केली नाही. शाळेसाठीचा कर बसवला नाही. एवढंच. पोलीस नाहीत, लाठ्या नाहीत, लिटल रॉक शहरात झाली तशी शाळेच्या दारात ओरडणारी गर्दी नाही. अंदाजपत्रकातला एक रकाना कोरा ठेवला. पैसा नाही तर शाळा नाहीत. काळ्यांच्या नाहीत, गोऱ्यांच्याही नाहीत. सगळ्या सरकारी शाळांना कुलपं लागली. गोऱ्या मुलांसाठी लगोलग खासगी अकादमी निघाली, सुरुवातीला चर्चमध्ये, रिकाम्या दुकानांत. जवळजवळ दीड हजार मुलं तिथं गेली. पुढं फीसाठी सरकारी अनुदान आणि देणगीवर करसवलत असंही सगळं झालं. बाहेर उरली सुमारे १,७०० काळी मुलं आणि फी न परवडणारी काही गरीब गोरी.

कुलपं पाच वर्षं राहिली. १९५९ ते १९६४.

आई वळली आणि मला विचारलं, "मग हजेरीपटाचं काय केलं?"

मला प्रश्न कळला नाही.

"अगं, मुलं तर पटावर होती. शाळा बंद केली म्हणून पट संपत नाही. दाखला देऊन नाव कमी करावं लागतं. सतराशे मुलांची नावं कमी केली का? की तशीच ठेवली?"

तिथं कुणी विचारायला नव्हतं आणि असतं तरी मी हा प्रश्न इंग्रजीत कसा विचारला असता कोण जाणे. मी तिला दुसरंच सांगत राहिले. काहींना दुसऱ्या काउंटीत नातेवाइकांकडे ठेवलं. साठेक मोठ्या मुलांना नॉर्थ कॅरोलायनातल्या एका चर्चच्या कॉलेजात घेतलं. क्वेकर पंथाच्या लोकांनी काहींना दूरच्या राज्यांत अनोळखी घरी शिकायला ठेवलं. बाकीची तंबाखूच्या शेतात गेली. चर्चच्या तळघरांत बायका मुलांना गोळा करून काही शिकवायच्या, पण त्याला शाळा म्हणायचं नाही, ‘प्रशिक्षण केंद्र’ म्हणायचं. कारण शाळा म्हटलं तर कोर्टात समोरचा म्हणेल, ह्यांची सोय झालीय की. काही गोऱ्या पुढाऱ्यांनी तर तुम्हालाही खासगी शाळा काढून देतो म्हणून सांगितलं होतं. अर्ज आला एक.

इथं मला वाटलं होतं आई म्हणेल, वा. ती म्हणाली, "बरोबर केलं. पण पहिलीतलं पोर सहावीच्या वयाचं झालं ना. त्याला कुणी विचारलं?" आणि मग, "अकराव्या वर्षी पेन्सिल हातात दिली की बोटं वळत नाहीत. मी शिकवलीत तशी पोरं. ऊसतोडीवरून आलेली."

१९६३ च्या मार्चमध्ये रॉबर्ट केनेडी अमेरिकेचे ॲटर्नी जनरल होते. त्यांनी एका भाषणात फुकट सरकारी शिक्षण नसलेल्या पृथ्वीवरच्या जागांची यादी दिली: कम्युनिस्ट चीन, उत्तर व्हिएतनाम, सारावाक, सिंगापूर, ब्रिटिश होंडुरास आणि प्रिन्स एडवर्ड काउंटी, व्हर्जिनिया. त्या शरदात देणग्यांवर चालणाऱ्या मोफत शाळा निघाल्या, आणि २५ मे १९६४ ला सर्वोच्च न्यायालयानं काउंटीला शाळा उघडायला लावल्या. ‘ब्राउन’ला दहा वर्षं आणि आठ दिवस झाले होते. संप केला त्या मुलांपैकी कुणालाही ह्याचा उपयोग नव्हता; ती केव्हाच बापे-बाया झाली होती. अकादमीही चालूच राहिली आणि काळ्या मुलाला तिनं १९८६ पर्यंत दार उघडलं नाही. २००४ मध्ये राज्यानं कुलूपबंद पिढीसाठी शिष्यवृत्ती काढली. पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं शाळेची परीक्षा द्यायला बसली.

तळी, शाळा, आणि ह्याच राज्यातलं आणखी एक, जे मी आईला परतीच्या वाटेवर हसवायला म्हणून सांगितलं. डॅनव्हिलचं सार्वजनिक वाचनालय. १९६० मध्ये काळे विद्यार्थी तिथं जाऊन बसले, कोर्टानं वाचनालय सगळ्यांना खुलं करायला सांगितलं, तर गावानं आधी ते बंद केलं आणि सप्टेंबरात उघडलं तेव्हा आतून सगळ्या खुर्च्या आणि टेबलं काढून टाकली होती. या, पुस्तकं घ्या, उभ्यानं बघा, जा. शेजारी बसण्याचा प्रश्नच मिटला. गंमत म्हणजे चारच वर्षांपूर्वी शेजारच्या राज्यातल्या एका पत्रकारानं थट्टा म्हणून हेच सुचवलं होतं: काळ्यांशेजारी उभं राहायला गोऱ्यांची हरकत दिसत नाही, फक्त बसायला आहे, तेव्हा शाळांतून बाकं काढा. थट्टा करणाऱ्यानं जरा जपूनच करावी, एखादी नगरपालिका ऐकत असते.

आई हसली नाही. "गोऱ्यांनाही उभंच राहावं लागलं असेल ना?" म्हणाली.

हो.

"आणि चाललं त्यांना."

चाललं. हेच मला कधी पुरतं उमगत नाही. अकादमीची फी भरायला त्या काउंटीतल्या सगळ्याच गोऱ्या शेतकऱ्यांकडे पैसा नव्हता, काहींची मुलं घरी बसली. मॉन्टगमेरीनं तर १९५९ च्या जानेवारीत शहरातली सगळी उद्यानंच बंद केली, ती सगळ्यांना खुली करा असा कोर्टात दावा लागला म्हणून. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरानं पोहण्याचे तलाव बंद केले, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार असं ठरवलं की तलाव सगळ्यांसाठीच बंद आहेत, म्हणजे भेदभाव नाही. स्वतःच्या लेकरांना उन्हाळाभर कोरडं ठेवून लोकांनी तो निकाल मिळवला.

*

घर जवळ आलं. आमचं घर रिचमंड शहराच्या हद्दीबाहेर, हेन्रायको काउंटीत आहे. ते आम्ही २०१४ साली घेतलं. घर बघताना आम्ही स्वयंपाकघर बघितलं नाही, तळघर बघितलं नाही, आधी वेबसाइटवर शाळेचं रेटिंग बघितलं. दहापैकी नऊ. इथं घरांचा एजंट शाळेबद्दल आणि वस्तीबद्दल तोंड उघडत नाही, कायद्याच्या भीतीनं. आपली माणसं उघडतात. ‘शहराच्या हद्दीत नको घेऊस हं. शाळा चांगल्या नाहीत.’ ‘त्या बाजूला क्राउड वेगळा आहे.’ मीही हे पुढं चार जणींना सांगितलंय, डोहाळजेवणात, भाजी निवडताना, काळजीनं. हद्द म्हणजे नदी असावी, डोंगर असावा, तसं आम्ही बोलतो.

हद्द कोर्टात ठरलेली आहे. १९७२ च्या जानेवारीत रिचमंडच्या रॉबर्ट मर्हिज नावाच्या न्यायाधीशांनी निकाल दिला की शहरात काळी मुलं आणि सभोवतालच्या उपनगरांत गोरी मुलं असं झालंय, तेव्हा शहर, हेन्रायको आणि चेस्टरफील्ड यांच्या शाळा एकाच जिल्ह्यात आणा. त्यांना इतक्या धमक्या आल्या की पोलिसांचा पहारा बसवावा लागला. जूनमध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला. मग सर्वोच्च न्यायालयात १९७३ मध्ये मतं पडली चार विरुद्ध चार. नववे न्यायमूर्ती लुईस पॉवेल बाजूला राहिले, कारण ते पूर्वी रिचमंडच्याच शाळा मंडळाचे अध्यक्ष होते. बरोबरी झाली की खालचा निकाल टिकतो. हद्द टिकली. त्या एका न झालेल्या मतावर माझ्या घराची किंमत उभी आहे आणि सईच्या शाळेचं रेटिंगही.

हे मी गाडी चालवता चालवता आईला सांगत होते. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, मला बरं वाटेल किंवा वाईट वाटेल असं. ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "एकोणसाठ साली मी तिसरीत होते."

आईचा जन्म १९५१ चा. बार्बराचा संप झाला त्या उन्हाळ्यानंतरच्या पावसाळ्यातला. म्हणजे ज्या जूनमध्ये प्रिन्स एडवर्डनं शाळांना कुलूप घातलं त्या जूनमध्ये ती कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात नवी पाटी घेऊन तिसरीच्या वर्गात गेली.

"आमच्या शाळेत माठ होता," ती म्हणाली. "ओट्यावर. वर झाकण, झाकणावर ओगराळं. मधल्या सुट्टीत ज्याची पाळी असेल त्यानं पाणी वाढायचं. आम्ही फुलपात्रात घ्यायचो. आमच्या वर्गात नदीकडच्या वस्तीवरची एक मुलगी होती. तिला वरून घालायचं. ती खाली उकिडवी बसायची, ओंजळ करून, आणि आपण ओट्यावरून ओगराळ्यानं वरून धार धरायची. धार जाड झाली की तिच्या परकरावर सांडायचं. मला चांगली जमायची. बारीक, एकसारखी. गुरुजी म्हणायचे, हिची धार बघा, थेंब सांडत नाही."

मी सिग्नलला थांबले होते.

"कायदा झाला होता तेव्हा," ती म्हणाली. "पंचावन्न साली. गुरुजींनी आम्हाला फळ्यावरून उतरवून घ्यायलाही लावलं होतं, अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा आहे. सुंदर अक्षरात. मग सुट्टी झाली की माठ."

अडतीस वर्षं तिनं वर्गात बाबासाहेबांच्या लहानपणाची गोष्ट सांगितली. साताऱ्याची शाळा, बसायला घरून आणलेलं तरट, शिपाई नसला तर पाणी नाही. सांगताना तिचा आवाज भरून यायचा, मी स्वतः बघितलंय, मी तिच्याच शाळेत होते. "मला त्या गोष्टीत शिपाई दिसायचा," ती म्हणाली. "म्हातारा, मिशा असलेला. परकर-पोलकं घातलेली आठ वर्षांची मुलगी मला कधी दिसली नाही."

मागून हॉर्न वाजला. दिवा हिरवा झाला होता.

*

रात्री तिला झोप येईना. भारतात सकाळ झालेली होती. तिनं बापूमामाला फोन लावला, स्पीकरवर, कारण तिला कानाला लावून ऐकू येत नाही. आधी पाऊस, मग मामाचा गुडघा, मग हळदीचा भाव. मग तिनं विचारलं, माझ्या वर्गात नदीकडच्या वस्तीवरची मुलगी होती बघ, माझ्याच वयाची, उंच, तिचं नाव काय रे?

मामानं तिघा-चौघांची नावं घेतली. सगळे पुरुष, आणि सगळे तिच्यानंतरचे. मग म्हणाला, त्या घरातली माणसं मुंबईला गेली बहात्तरच्या दुष्काळात, आता तिथं भिंत पण नाही. नाव काय ध्यानात नाही बाबा.

"शाळेत जनरल रजिस्टर असेल ना जुनं?" आईनं विचारलं. "दाखल केलेल्यांची नावं असतात त्यात. तिसरी, एकोणसाठ साल. हेडमास्तरांना विचारशील?"

"इचारीन की," मामा म्हणाला. थोडा वेळ नुसती लाइन खरखरत राहिली. "पर अक्का, तुला तिकडं अमेरिकेत तिचं काय काम निघालं?"